अक्काचं धुतलेलं तूप

अक्का गेली ही खबर मला भिंतीपलीकडून आली. उदगीरला आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत आहे. वाटणीच्या वेळी घाईत घातलेली, एका विटेची. पलीकडचा ठसकासुद्धा इकडे ऐकू येतो. सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा तिच्या सुनेनं भिंतीला तोंड लावून हाक मारली, "काकू, जरा येता का... अक्का हाकेला ओ देईनात." मी काय झालंय ते ओळखलं. हातात होत्या तेवढ्या शेंगा सोलून संपवल्या, हात धुतले आणि मग गेले. घाई करून काय होणार होतं? अक्का भिंतीकडे तोंड करून निजली होती. आयुष्यभर माझ्याकडे पाठ फिरवण्याची तिला सवय होती, ती तिनं शेवटपर्यंत पाळली.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, पार्वतीबाई. तिला जाऊन काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाले माझ्या पुतण्याकडे आले होते. "अक्कांच्या तुपाबद्दल कुणीतरी घरातलं लिहा, वाचकांना घरगुती उपाय आवडतात," म्हणाले. त्वचेला तूप लावायचं आता नवीनच खूळ निघालंय म्हणे. मोबाईलवर पोरी गालाला तूप लावून दाखवतात. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्हीच लिहा, तुम्ही तिच्याजवळ सगळ्यांत जास्त राहिलात." जवळ राहिले हे खरं आहे. एका विटेच्या अंतरावर. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. माझ्या लेकीनं, कांतानं, ऱ्हस्व-दीर्घ पाहून दिलं आहे, पण मजकुराला हात लावायचा नाही असं मी तिला बजावलंय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असा रिवाज आहे. ज्यांना तसलं वाचायचं असेल त्यांनी दुसरं पान उघडावं.

मी कंधारहून लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा घर एकत्र होतं. सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान, मागं घर, गावाबाहेर थोडी जमीन. सासूला आम्ही अव्वा म्हणायचो. पण घर अव्वाचं नव्हतं, अक्काचं होतं. तिचं माहेर शिरूर अनंतपाळकडचं, घरी दुभती जनावरं. तिकडून तुपाचा डबा यायचा आणि तो डबा तिच्या खोलीत, तिच्या कुलपात राहायचा. आमच्या ताटात तूप पडायचं ते बोटानं ओढल्यासारखं. आणि त्याच डब्यातलं तूप ही बाई तांब्याच्या परातीत घ्यायची, त्यावर गार पाणी ओतायची आणि तांब्याच्या बुडानं घोटत बसायची. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा घोटायचं. घोटता घोटता तूप पांढरं व्हायचं, लोण्यासारखं हलकं, हाताला गार लागणारं, आणि त्याचा वास निघून जायचा. शंभर वेळा पाणी बदलावं असं शास्त्र आहे म्हणतात. अक्का मोजत नव्हती. "नाकाला तूप लागेना झालं की झालं," म्हणायची. सासरे दुकानातून आत आले की परातीकडे बघून म्हणायचे, "खायच्या तुपाला पाणी कशाला पाजलालीस गं?" अक्का मान वर न करता म्हणायची, "मामंजी, तुमच्या टाचा बघा आधी. त्यात पायलीभर ज्वारी पेरता येईल." सासरे हसायचे. मी हसले की मात्र अव्वा माझ्याकडे डोळे वटारायची. एकच विनोद, पण हसायचा हक्क ज्याचा त्यालाच.

आमच्याकडे थंडी कोरडी असते. मार्गशीर्ष लागला की ओठ फाटतात, पोरांचे गाल बटाट्याच्या सालीसारखे होतात. अक्का संध्याकाळी ओट्यावर बसायची आणि घरातली, शेजारची सगळी पोरं तिच्यापुढे यायची. दोन बोटं गालाला, एक ओठाला, उरलेलं कोपराला. "हं, पळ. दुसरा ये." पोरं संपली की बायका. बाळंतिणी यायच्या, दूध पाजून त्यांच्या अंगाला चिरा पडलेल्या असायच्या. कुणाच्या तान्ह्याला लंगोटाच्या जागी लाल झालेलं असायचं. अक्का कुणाला नाही म्हणायची नाही, हे मी लिहिते. कुणाची घाणही तिला वाटायची नाही. अव्वा शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची पाठ अक्कानंच सांभाळली, हेही लिहिते. आणि त्या तुपानं टाचा भरतात, ओठ मऊ होतात, त्यात खोटं काही नाही. पण देणं वेगळं आणि देताना समोरच्याला लहान करणं वेगळं. सगळ्यांचं झालं की तळहाताला उरलेलं ती माझ्या तोंडाला पुसायची. विचारायची नाही. फडक्याला पुसावं तसं. आणि चारचौघींत म्हणायची, "हिच्या कातडीत कितीबी मुरवा, कंधारच्या किल्ल्याचा दगड हाय हा. पाझरत न्हाई." बायका खिदळायच्या. माझा रंग काळा, हात खरखरीत. तिचा चेहरा शेवटपर्यंत दुधावरच्या सायीसारखा होता. धुणं, भांडी, चूल माझ्याकडे असल्यावर सायीला सुरकुती पडेल कशी?

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. कोणत्या घरात जावा एकमेकींना टोचत नाहीत? मी लिहायला बसले ते येळवशीमुळं.

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं घर शेतात जातं, कडब्याची खोप करतात, तिची पूजा करतात आणि तिथंच जेवतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे हिरव्या शेंगा, भाज्या, बेसन, चिंच असं सगळं एकत्र शिजवलेलं, घट्ट. उकळली की ती पाण्यासारखी सांडत नाही, चिखलासारखी चिकटते. कांता तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. भज्जीचं मोठं पातेलं तीन दगडांवर होतं. आम्ही दोघी जावा ते उतरवत होतो, एक कान तिच्या हातात, एक माझ्या. एक दगड सरकला. पातेलं कललं आणि चुलीशेजारी हुरडा खात बसलेल्या माझ्या पोरीच्या मानेवर, खांद्यावर भज्जी पडली. चूक तिची नव्हती, माझीही नव्हती. दगड होता, सरकला. त्याबद्दल मी अक्काला कधीच बोल लावला नाही.

पुढचं मात्र तिचं आहे. शेतात हौद भरलेला होता. मी ओरडले, "पाणी! पाणी ओता!" पोरीला उचलून हौदाकडे निघाले. अक्कानं माझं मनगट धरलं. तिचा हात घोटून घोटून घट्ट झालेला, पकड सुटेना. "पाणी लावू नकू! फोड येतील, पोर नासंल. तूप आणा रे, तूप!" येळवशीला तुपाचा डबा शेतात असतोच. गरम भज्जी अंगावर तशीच, आणि त्यावर तिनं ओंजळीनं तूप थापलं. पोर किंचाळत होती, मी ओरडत होते, आणि सगळी माणसं अक्काचं ऐकत होती. तिच्या तुपावर गावाचा विश्वास होता ना. ज्या हातानं टाचा भरतात तो हात भाजलेल्यावर चुकेल कसा, असं सगळ्यांना वाटलं. आमच्या लोकांची ही चूक घरोघरची आहे, आजही आहे. तूप गार असतं, म्हणून जळलेलं विझवतं असं समजायचं. ते विझवत नाही. वरून झाकण घालतं, आतली आग आतच राहते.

उदगीरला दवाखान्यात डॉक्टरनं पहिलं विचारलं, "हे तूप कोणी लावलं?" तो आवाज मला अजून ऐकू येतो. अक्का माझ्या शेजारीच उभी होती, तिच्या बांगड्यांना तूप लागलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, "नुसतं गार पाणी ओतलं असतं तर एवढं खोल गेलं नसतं." मग त्यानं ते सगळं खरवडून काढलं... त्यावर मी काही लिहीत नाही. घरी आल्यावर अव्वा म्हणाली, "आईचं लक्ष कुठं व्हतं?" मी अक्काकडे बघितलं. तिनं एवढंच म्हणायला हवं होतं, की अव्वा, तूप मी लावलं. ती उठली आणि कंदिलाची काच पुसू लागली. त्या दिवसापासून घरात, भावकीत, गल्लीत एकच गोष्ट झाली. आईचं लक्ष नव्हतं म्हणून पोरगी भाजली. माझ्या नवऱ्यानंही तीच धरली. पाण्याचं कुणी बोललं नाही, तुपाचं तर नाहीच.

जखम भरली. मानेवर, जबड्याखाली कातडी दोरीसारखी ओढून राहिली. आणि मग अक्काचं सुरू झालं. परात, पाणी, घोटणं. रोज संध्याकाळी कांताला दोन गुडघ्यांमध्ये बसवायची आणि मानेला ते पांढरं तूप चोळायची. गाणं म्हणायची, गोष्टी सांगायची. पोरगी तिच्या मांडीवर डोळे मिटून बसायची. मी चुलीपुढून बघायचे. जिनं जाळलं तिच्याच मांडीवर माझी लेक निजते... हे ज्या आईनं बघितलंय तिलाच माझं म्हणणं कळेल. कांता तिला मोठी आई म्हणायची. मी नुसती आई.

कांताला बघायला नांदेडचे पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईनं विचारलंच, "मानेला काय झालंय?" मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली, "ल्हानपणी आईचं जरा दुर्लक्ष झालं बघा. तसा स्वभाव लई गुणाचा हाय पोरीचा." पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. तिथं मी खरं बोलले असते तर दोन जावांचं भांडण बघून पाहुणे चहा तसाच ठेवून उठले असते. अक्काला ते पक्कं ठाऊक होतं. मी पोह्यांच्या बशा उचलल्या. लग्न झालं. माणसं चांगली निघाली. पण माझ्या तोंडावर, माझ्याच घरात, माझ्याच पोरीसमोर ती ते बोलली, हे मी माफ केलेलं नाही. आज ती नाही म्हणूनही नाही.

वाटणी झाली, भिंत आली, नवरे गेले. आम्ही दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंना म्हाताऱ्या झालो. पलीकडून परातीवर तांब्या घासल्याचा आवाज यायचा. कांतासाठी डबी भरून नांदेडला जाणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवायची. कांताही उदगीरला आली की आधी तिकडच्या दारात.

अक्का गेली त्याच्या दोन-चार दिवस आधी मला बोलावणं आलं. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. म्हणाली, "पाय लई ओढलेत. जराक तूप चोळ." सून घरात होती, तरी मलाच बोलावलं. मी चोळलं. आजारी माणसाला नाही कशी म्हणू? चोळता चोळता म्हटलं, "अक्का, एकदा कांताला खरं सांग."

"काय खरं?"

"येळवशीचं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तूप वाईट नसतंय."

"मी तुपाचं इचारलंच न्हाई. तू माझा हात धरला, त्याचं इचारलालेय."

तिनं पाय माझ्या हातातून ओढून घेतला. मग म्हणाली, "आता जाताना म्हनू, की माझ्या हातानं पोर बिघडली? न्हाई जमायचं मला. तू सांग माझ्या माघारी. तुझ्यावर कोन इस्वास ठेवतंय ते बी बघ."

शेवटच्या दिवसांतसुद्धा टोचणं सुटलं नव्हतं. मी तिच्या पायावर चादर टाकली आणि भिंतीच्या माझ्या बाजूला निघून आले. आमचं शेवटचं बोलणं हे असं झालं.

आमच्या लिंगायतांत माणूस गेल्यावर त्याला बसवतात. आंघोळ घालून, विभूती लावून, बसतं करून नेतात आणि बसतंच पुरतात. विधी करणारे स्वामी यायला वेळ होता. बायका अक्काला आंघोळ घालत होत्या. कांता नांदेडहून पोचली होती. तिनं पिशवीतून पांढऱ्या तुपाची डबी काढली आणि अक्काच्या तोंडाला, मानेला, हाताला लावू लागली. मी म्हटलं, "पूस ते. विभूती धरणार न्हाई नीट."

"धरंल. राहू दे, आई."

"मेलेल्या माणसाला कशाला पाहिजे तूप? जित्या माणसाला लावून भागलं न्हाई का तिचं?"

बायका थांबल्या. कांतानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, मला म्हाईत हाय. पाणी पाणी तूच वरडत व्हतीस. मोठ्या आईनं तुझा हात धरला व्हता. मी बघितलंय."

मी तिथून उठले. मागच्या अंगणात जाऊन बसले. रडायला नाही, राग आला म्हणून. एवढी वर्षं मी जी गोष्ट छातीवर दगडासारखी वागवली, ती पोरीला पहिल्यापासून माहीत होती! आणि माहीत असून ती त्या बाईच्या मांडीवर बसत होती!

सगळं आटोपल्यावर कांता मला नांदेडला घेऊन आली. ती घरीच शिवणक्लास घेते, बाहेरच्या खोलीत मशिनी आहेत. एके दिवशी ती काज करत होती, तेव्हा मी विचारलं, "म्हाईत होतं तर बोलली का न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? मोठ्या आईनं तूप लावायचं सोडलं असतं."

"सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. "आई, ती कातडी लई खाजायची. ओढायची. ती चोळायची तेव्हा झोप लागायची मला. तू तर तिथं बोटबी लावलं न्हाईस कधी."

"मी बोट लावायला मोकळी कधी होते? घरातली सगळी भांडी कोण घासत होतं? तुझी मोठी आई?"

"मी कुठं तुला बोललालेय? इचारलंस म्हनून सांगितलं."

"पाहुण्यांसमोर माझं दुर्लक्ष म्हणाली ती. तेव्हा तरी तुला तोंड नव्हतं?"

त्यावर मात्र तिनं कापड जवळ ओढलं. पुन्हा सुई उचलली. दोन दिवस आम्ही दोघी कामापुरतं बोललो. खोलीतल्या फळीवर, रिळांच्या शेजारी, अक्काच्या हातची शेवटची डबी होती. येताजाता ती दिसायची आणि मला वाटायचं, उदगीरची भिंत बरी होती.

मागच्या आठवड्यात क्लास भरलेला होता. एक नवी पोरगी ब्लाऊजच्या पट्टीला इस्त्री करत होती. बोलण्याच्या नादात इस्त्री हातावर टेकली. पोरगी ओरडली. बायकांत एकच गलका झाला, "तूप लावा, तूप! मॅडमकडं ते पांढरं तूप हाय की!" एकीनं फळीवरची डबी काढून झाकण उघडलंसुद्धा. मी खुर्चीवरून उठते न उठते तोच कांतानं पोरीचं मनगट धरलं, ओढत मोरीपाशी नेलं आणि नळ पूर्ण सोडून तिचा हात खाली धरला. पोरगी म्हणाली, "मॅडम, पाण्यानं फोड येतील ना?"

"येऊ देत. हात काढू नको."

डबीवाली बाई मागून म्हणाली, "आवो, आमच्याकडं तर तूपच लावतेत."

"आमच्याकडंबी लावतेत," कांता म्हणाली. एका हातानं पोरीचा हात नळाखाली धरलेला, दुसऱ्या हातानं तिनं गळ्याभोवतीची ओढणी काढली. माझी लेक ऐन उन्हाळ्यातसुद्धा ओढणी काढत नाही. तिनं मान वाकडी करून सगळ्यांना दाखवली. "बघा नीट. भाजलं भज्जीनं, खोल गेलं तुपानं. माझ्या मोठ्या आईनं लावलं. टाचेला लावा, ओठाला लावा, जखम भरल्यावर लावा. मी अजून लावते. पण भाजल्याबरोबर फक्त पाणी. माझी आई पाणीच मागत व्हती, तिचं कुणी ऐकलं न्हाई. वरून सगळ्यांनी तिलाच बोल लावला, अन् मीबी गप बसले. ही उभी हाय ना खुर्चीपाशी, हीच."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. नळाचं पाणी मोरीत धो धो पडत होतं. कांतानंही बघितलं. मी काहीतरी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

मी म्हटलं, "नळ जरा बारीक कर. टाकी रिकामी झाली तर पोरीला पुरेल का पाणी?"